वडिलार्जित घराचा सामाईक खर्च

बार्शी तालुक्यांतील वैराग व त्याच्या भोंवतालचा सोलापूर जिल्ह्याचा मुलूख कमी पावसाचा. या प्रांतांतील जुनीं घरें बहुधा धाब्याचीं. लाकडी तुळयांवर कडीपाट घालून वर पांढऱ्या मातीचा जाड थर देतात. मृगापूर्वीं धाब्यावर नवी माती टाकून ती चोपावी लागते व पन्हळी मोकळ्या कराव्या लागतात. हें काम चुकलें कीं पाणी भिंतींत मुरतें. भाऊ विभक्त झाले म्हणजे खण वाटले जातात, पण धाबें एकच राहतें. थोरल्याच्या खणावर पडलेला पाऊस धाकट्याच्या भिंतींत उतरतो. म्हणून अशा घराच्या इतिहासांत हिश्शाइतकाच खर्चाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, असें आम्हांस वाटतें.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत वाटणीस न येणाऱ्या वस्तूंमध्यें उदक व प्रचार यांची गणना आहे. वैरागच्या पूर्वेस कल्याण, म्हणजे आजचें बसवकल्याण, ही चालुक्य विक्रमादित्य सहावा याची राजधानी होती. त्याच्या कारकीर्दींत विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा रचिली. तींत त्यानें उदक म्हणजे विहीर वगैरे असा अर्थ करून, तिची किंमत करून वांटणी न करतां तिचा आळीपाळीनें उपभोग घ्यावा असें सांगितलें. प्रचार म्हणजे घरांत व बागेंत जाण्यायेण्याची वाट. तीही अविभाज्य ठरविली. पित्याच्या धनाबरोबर ऋणही पुत्रांनीं समान वांटून घ्यावें, हें याज्ञवल्क्याचें वचन प्रसिद्धच आहे. उपभोग सामाईक व भारही सामाईक, हा न्याय यांतून ओघानेंच निघतो. विहिरीचा गाळ, दिंडीदरवाजा आणि धाबें यांस तोच लावावा लागेल.

इंग्रजी अमदानींत १८९३ साली वांटणीचा कायदा झाला. घराचे तुकडे करणें सोयीचें नसल्यास तें विकून पैसा वांटावा, आणि कोणा परक्यानें राहत्या घरांतील हिस्सा घेऊन वांटणी मागितल्यास घरच्या हिस्सेदारास तो विकत घेण्याची संधि असावी, अशी त्यांत तरतूद आहे. हा कायदा घर विभागण्याचा व विकण्याचा आहे, राखण्याचा नव्हे.

बहिणींची गोष्ट निराळी. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीस वारस केलें. परंतु पुरुष वारस वेगळे होईपर्यंत राहत्या घराची वांटणी मागण्याचा हक्क तिला नव्हता. २००५ च्या दुरुस्तीनें तें कलम गेलें व वडिलार्जित मिळकतींत मुलगी जन्मतः समान हिस्सेदार झाली. आतां प्रश्न उभा राहतो, घरांत भाऊ राहतो आणि हिस्सा परगांवच्या बहिणीचाही असतो. मग धाब्याची माती कोणीं द्यावी? आमच्या मतें झाडलोट, दिवाबत्ती हा खर्च राहणाऱ्याचा. ज्यावांचून घरच उभें राहणार नाहीं तो खर्च हिश्शाप्रमाणें सर्वांचा. मात्र राहणाऱ्यास मिळणारा निवारा हिशेबांत धरला पाहिजे.

घरोघरचीं माणसें हा तंटा कसा मिटवीत, हें सनदांवरून कळत नाहीं. तें वांटणीपत्रांच्या शेवटच्या कलमांत, फारखतींत व मजुरीच्या फुटकळ टिपणांत सांपडण्याचा संभव अधिक. संग्राहक सनदा तेवढ्या उचलतात. टिपणें घराबरोबरच मातीस मिळतात. वैराग व आसपासच्या गांवीं जुनें घर उतरविलें जात असेल तेथें, मोर्तबाचा कागद नसला तरी रुमाल टाकून देऊं नये, एवढीच आमची विनंती आहे.