साक्ष, पुनर्दृश्य आणि पुरावा : संघर्ष व गुन्हाविषयक आंतरराष्ट्रीय माहितीपटांचे इतिहाससाधन म्हणून मूल्य

प्रस्तावना

इतिहासाच्या साधनांत कागदपत्रे, शिलालेख, नाणी व वास्तू यांच्या जोडीला मौखिक साक्षीलाही आता स्थान मिळाले आहे. माहितीपटाकडे मात्र बहुधा अध्यापनाचे पूरक साहित्य म्हणूनच पाहिले जाते. तो वर्गात दाखविला जातो, परंतु त्याचे परीक्षण होत नाही. कॅमेऱ्याने जे टिपले ते तसेच घडले, हा समज त्यामागे असतो. प्रस्तुत निबंधात चार माहितीपटांच्या आधारे या समजाचा विचार केला आहे. माहितीपटाचे साधनमूल्य त्यातील दृश्याच्या अस्सलपणापेक्षा त्यात साक्ष कशी घेतली गेली व कशी पडताळली गेली यावर अवलंबून असते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

१. अस्सल चित्राची मर्यादा

फ्रेंच दिग्दर्शक आलँ रेने यांचा 'नाइट अँड फॉग' (१९५६) हा अवघ्या ३२ मिनिटांचा माहितीपट नाझी छळछावण्यांवरील आरंभीच्या महत्त्वाच्या चित्रकृतींपैकी एक होय. त्यातील एका छायाचित्रास फ्रान्सच्या परीक्षण मंडळाने हरकत घेतली. फ्रान्समधील पिथिव्हिए येथील छावणीच्या त्या छायाचित्रात पहाऱ्यावरील फ्रेंच पोलिसाची टोपी ओळखू येत होती. यहुद्यांच्या हद्दपारीतील फ्रेंच प्रशासनाचा सहभाग त्यातून उघड होत होता. अखेर ती टोपी झाकण्यात आली आणि माहितीपट प्रदर्शित झाला. छायाचित्र अस्सल होते, स्थळ खरे होते. तरीही जबाबदारीचा प्रश्न प्रेक्षकापासून लपविला गेला. बहिरंग परीक्षणात उतरलेले साधनही अंतरंग परीक्षणाविना दिशाभूल करू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

२. डॅलस येथील खून आणि साक्षींचा विसंवाद

२८ नोव्हेंबर १९७६ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, डॅलस शहरात रॉबर्ट वुड या पोलीस अधिकाऱ्याची गोळ्या घालून हत्या झाली. दिवे न लावता जाणारी मोटार त्यांनी थांबविली होती. ती मोटार चोरणारा डेव्हिड हॅरिस हा १६ वर्षांचा मुलगा सरकार पक्षाचा प्रमुख साक्षीदार बनला आणि आदल्या दिवशी त्याच्याशी ओळख झालेल्या रँडल डेल ॲडम्स यांना १९७७ मध्ये मृत्युदंड सुनावण्यात आला. ८ मे १९७९ हा दिवस शिक्षेच्या अंमलबजावणीसाठी ठरला होता. तीन दिवस आधी सर्वोच्च न्यायालयातून स्थगिती मिळाली. १९८० मध्ये त्या न्यायालयाने ज्यूरीनिवडीतील दोषामुळे मृत्युदंड रद्द ठरविला. त्यानंतर शिक्षा जन्मठेपेत बदलली, परंतु खटला पुन्हा चालला नाही.

एरॉल मॉरिस यांनी 'द थिन ब्लू लाइन' (१९८८) मध्ये हा प्रसंग नटांकरवी पुनःपुन्हा साकार केला. ही पुनर्दृश्ये 'काय घडले' हे सांगत नाहीत. प्रत्येक साक्षीदाराच्या कथनानुसार दृश्य बदलते आणि ती कथने एकमेकांशी जुळत नाहीत, हे प्रेक्षकाला दिसते. इतिहाससंशोधक दोन बखरींतील तफावत शेजारी शेजारी मांडतो, तसेच हे कार्य आहे. शेवटी हॅरिसची केवळ ध्वनिमुद्रित मुलाखत ऐकू येते आणि ॲडम्स निरपराध असल्याचे तो सूचित करतो. दृश्याधारित कलाकृतीतील सर्वांत मोलाचा पुरावा अशा रीतीने आवाजाच्या रूपात येतो.

पुढे हॅरिसने न्यायालयातही आपली साक्ष फिरवली. १९८९ मध्ये टेक्सासच्या वरिष्ठ फौजदारी न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली व बारा वर्षांहून अधिक काळ कैदेत काढलेले ॲडम्स मुक्त झाले. त्यानंतर स्वतःच्या जीवनकथेच्या हक्कांसाठी त्यांनी मॉरिस यांच्याविरुद्धच दावा केला. तो न्यायालयाबाहेर मिटला. ज्याने जीव वाचविण्यास हातभार लावला त्याच्याकडेही त्या जीवनाची मालकी जात नाही, हा नैतिक प्रश्न या प्रकरणाने मागे ठेवला.

३. मेदान : विजेत्यांची साक्ष

१९६५-६६ मध्ये इंडोनेशियात साम्यवादी ठरवून मारल्या गेलेल्यांची संख्या पाच ते दहा लाख असावी, असा सामान्यतः अंदाज केला जातो. मारेकरी शिक्षेविना राहिले, किंबहुना प्रतिष्ठित झाले. जोशुआ ओपेनहायमर यांनी बळींच्या कुटुंबीयांवर चित्रण सुरू केले, तेव्हा लष्कराच्या दडपणाने त्यांना गप्प बसावे लागले. मारेकरी मात्र बोलण्यास उत्सुक होते. 'द ॲक्ट ऑफ किलिंग' (२०१२) मध्ये उत्तर सुमात्रातील मेदान शहराचा अन्वर काँगो तारेने गळा आवळण्याची आपली पद्धत एका गच्चीवर करून दाखवितो. आपली कृत्ये तो चित्रपटाच्या थाटात साकारतो. एका प्रसंगात तर बळीची भूमिका स्वतःच करतो.

येथे पुनर्दृश्य हे कबुलीजबाबाचे साधन बनते. परंतु या साक्षीत मृतांचा आवाज नाही. ही उणीव 'द लुक ऑफ सायलेन्स' (२०१४) ने काही अंशी भरून काढली. त्यात हत्याकांडानंतर जन्मलेला, मृताचा धाकटा भाऊ मारेकऱ्यांचे डोळे तपासता तपासता त्यांना प्रश्न विचारतो. दोन्ही माहितीपट एकत्र पाहिल्याखेरीज साक्ष पूर्ण होत नाही. पहिल्याच्या श्रेयनामावलीत अनेक इंडोनेशियन सहकाऱ्यांच्या नावांऐवजी 'अनामिक' असा उल्लेख आहे. ती नामावली हाही त्या काळातील भीतीचा दस्तऐवजच होय.

जुलै २०१२ मध्ये इंडोनेशियाच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने ही कृत्ये मानवी हक्कांचे गंभीर उल्लंघन ठरविली. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष जोको विदोदो यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. अर्थात खेद म्हणजे न्याय नव्हे.

४. परीक्षणाचे निकष

वरील विवेचनावरून माहितीपट साधन म्हणून वापरताना पुढील प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

(१) साक्ष कोणी दिली व कोणाला देता आली नाही?
(२) पुनर्दृश्य साक्ष पडताळते की केवळ सजविते?
(३) चित्रातून काय वगळले अथवा झाकले गेले, आणि कोणाच्या आज्ञेने?
(४) साक्ष दिल्यानंतर साक्षीदाराचे काय झाले?

समारोप

डॅलसमध्ये माहितीपटामुळे उजेडात आलेल्या गोष्टींवर निर्णय देणारे न्यायालय होते, म्हणून एका माणसाची सुटका झाली. मेदानमध्ये कबुली कॅमेऱ्यासमोर आली, तरी तिच्यावर खटला उभा राहिला नाही. माहितीपट न्यायनिवाडा करीत नाही. तो साक्ष नोंदवून ठेवतो. त्या साक्षीची छाननी करण्याची जबाबदारी इतिहासाच्या अभ्यासकाची आहे. म्हणूनच वर्गातील पडद्यावर माहितीपट दाखवून अध्यापकाचे काम संपत नाही. चित्रण संपल्यावर त्यातील प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी घेण्यास विद्यार्थ्यांना शिकविणे, हेच खरे इतिहासाचे अध्यापन होय.