मोटारीची मंद चाल

मोटारीचें बळ खंडाळ्याच्या घाटांत कळतें. तिची प्रकृति मात्र ती जागच्या जागीं उभी असतांना कळते. चालकाचा पाय पॅडलवर नाहीं, चाकें स्थिर आहेत, आणि तरीहि इंजिन केवळ स्वतःपुरतें बळ निर्माण करून शांतपणें फिरत राहिलें पाहिजे, या अवस्थेला मुंबईचा कारागीर ‘स्लो रनिंग’ म्हणतो. त्या चालींत थरथर आली, मधूनच एखादा ठोका गळूं लागला, कीं गाडी ‘मिसिंग’ मारते, असें त्याचें निदान. दोष किरकोळ भासतो. परंतु दिवसाचा अर्धा वेळ रहदारींत नि स्टँडवर उभा राहणाऱ्या टॅक्सीवाल्याच्या कमाईशीं त्याचा निकट संबंध आहे.

नेरुळच्या बाजूस खाडीकांठीं सारसोळे हें कोळी-आगऱ्यांचें गांव आहे. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली, १९७३ सालीं ठाणे खाडीवरील वाशीचा पूल वाहतुकीस खुला झाला, आणि होड्यांच्या या मुलुखांत मोटारींचा राबता वाढला. आज पाम बीच मार्ग सारसोळ्याच्या जेट्टीजवळूनच जातो. खाडीच्या पलीकडे, कुर्ल्यास, वालचंद हिराचंद यांनीं उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. तेथें १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी तयार होऊं लागली; पुढें १९७४ च्या सुमारास तिलाच ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. १०८९ घन सेंटिमीटरच्या तिच्या चार सिलिंडरी इंजिनावर मुंबईच्या कारागिरांच्या दोन पिढ्या हात बसवून शहाण्या झाल्या.

मंद चाल साधणें कठीण कां, हें प्रथम पाहिलें पाहिजे. विल्हेल्म मायबाख यानें १८९३ मध्यें फवाऱ्याचा कार्बुरेटर सिद्ध केला. त्यांत वेगानें वाहणारी हवा स्वतःच पेट्रोल ओढून घेते. परंतु गाडी उभी असतांना हवेचें दार जवळजवळ मिटलेलें असतें. वारा मंदावतो, आणि मुख्य जेटमधून पेट्रोलचा थेंबहि वर चढत नाहीं. म्हणून पुढील काळांत कार्बुरेटरला मंद चालीसाठीं निराळी वाट द्यावी लागली. तिचें छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतें. टाकींतला बारीकसा कचरा तेथें अडकला कीं खेळ आटोपला! शिवाय मिनिटास ८०० फेरे घेणाऱ्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडर ४०० वेळां पेटावा लागतो. गाडी वेगांत असतां एखादा ठोका चुकला तर फिरत्या चाकाचा जोर तो झांकून नेतो. मंद चालींत मात्र असें पांघरूण घालणारें कोणी नसतें.

निदानाची जुनी रीत पाहण्यासारखी होती. कारागीर प्रथम कार्बुरेटरला हात लावीतच नसे. इंजिन चालू ठेवून, लाकडी वा रबरी मुठीच्या साधनानें, तो एकेका प्लगची वायर क्षणभर काढी. वायर निघतांच इंजिन दबलें, तर तो सिलिंडर आपलें काम करीत होता. कांहींच फरक पडला नाहीं, तर चोर तेथेंच. मग तो प्लग बाहेर काढून त्याचा रंग पाहावयाचा. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट ओल म्हणजे रिंगा झिजलेल्या, पांढुरका भाजलेला रंग म्हणजे बहुधा हवा जास्त. त्यानंतर पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्यूटरचें झांकण. पावसाळ्यांत, आणि विशेषतः खाडीच्या खाऱ्या दमट वाऱ्यांत, या झांकणाच्या आंतील ओल नि तारांच्या टोकांवर चढलेला गंज यांनीं पुष्कळांना फसविलें आहे. ठिणगी निर्दोष ठरली तर टॅपेटचें अंतर तपासावयाचें. मग चोक किंचित ओढून पाहावयाचा: त्यानें चाल सुधारली, तर मिश्रण विरळ आहे, म्हणजे एक तर तें बारीक छिद्र तुंबलें आहे, किंवा कार्बुरेटरखालच्या फाटक्या गॅस्केटमधून चोरटी हवा आंत शिरत आहे. हवेच्या स्क्रूची पाळी अगदीं शेवटीं.

याच्या उलट एक आळशी उपाय होता, आणि तो सर्रास चाले. स्क्रू पिळून ‘रनिंग’ वाढवून द्यावयाचें! थरथर थांबे, गिऱ्हाईक संतुष्ट होऊन जाई, आणि टॅक्सी मात्र दिवसभर उभ्याउभ्या पेट्रोल पीत राही. १९७३ च्या तेलसंकटानंतर हा उपाय किती महाग पडला असेल, याची कल्पना सहज करतां येते. मिश्रण दाट करून दोष झांकला तर धुरांतला कार्बन मोनॉक्साइड वाढतो. बंद गॅरेजांत हा गंधहीन वायु प्राणघातक होतो.

पुढें कार्बुरेटरच गेला. बॉशनें १९६७ मध्यें विद्युन्नियंत्रित इंजेक्शन बाजारांत आणलें, १९७६ मध्यें व्होल्व्होच्या गाडींत धुरांतील प्राणवायु मोजणारा सेन्सर बसला, आणि १ एप्रिल २००० पासून भारतांत धुराचे कडक नियम लागू झाल्यावर ही विद्या सामान्य गाड्यांत उतरली. २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षें पुरीं करून ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून उतरली.

नव्या गाडीची मंद चाल संगणक सांभाळतो, म्हणून ती बिघडतच नाहीं असें मात्र नव्हे. थ्रॉटलभोंवतीं काजळी सांठते, नळ्या तडकतात, कॉइल दमते. न जळलेलें पेट्रोल पुढें कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्यें जाऊन पेटतें आणि तो महागडा भाग जळून निकामी होतो. म्हणून इंजिनाचा दिवा लुकलुकूं लागला तर गाडी दामटणें शहाणपणाचें नाहीं. कारागीर स्कॅनर जोडतो. ‘पी ०३०२’ असें उमटलें, तर दुसरा सिलिंडर चुकतो आहे इतकें कळतें. कां चुकतो, हें यंत्र सांगत नाहीं. तेव्हां तो दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर बसवितो, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आणि इंजिन पुन्हां सुरू करून दोष तिच्याबरोबर सरकतो कीं जागींच राहतो, तें पाहतो.