उसना वेग : प्रोसेसरमधील सुरक्षा-त्रुटी आणि दुरुस्तीची किंमत (१९९५-२०२३)

संगणकाच्या इतिहासात वेग हाच प्रगतीचा प्रमुख निकष मानला गेला. हा वेग कशाच्या मोबदल्यात मिळाला, हा प्रश्न मात्र ३ जानेवारी २०१८ नंतरच व्यापक चर्चेत आला. त्या दिवशी जाहीर झालेल्या 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' या त्रुटी कोणत्याही एका प्रोग्रॅममध्ये नसून खुद्द प्रोसेसरच्या रचनेत होत्या.

त्यांचे मूळ जुने आहे. मेमरीतून माहिती येण्यास लागणारा काळ प्रोसेसरच्या दृष्टीने फार मोठा असतो. तो वाया जाऊ नये म्हणून पुढील मार्गाचा अंदाज बांधून काम आधीच उरकून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. इंटेलने १९९५ मध्ये पेंटियम प्रोद्वारे ती आपल्या प्रोसेसरमध्ये आणली. अंदाज चुकल्यास केलेले काम रद्द होते. तथापि पाटी पुसल्यावरही अक्षरांच्या पुसट रेघा राहाव्यात, तशा त्याच्या खुणा कॅशमध्ये राहतात. कोणती माहिती लवकर मिळते आणि कोणती उशिरा, हे मोजून त्या वाचता येतात. केवळ वेळ मोजून गुप्त किल्ली काढता येते, हे पॉल कोचर यांनी १९९६ मध्येच दाखविले होते आणि पुढे स्पेक्टरच्या शोधकर्त्यांतही त्यांचा समावेश होता. दोन्ही गोष्टी जवळजवळ एकाच काळात ज्ञात असूनही त्यांची सांगड बसण्यास वीस वर्षे लागली, हे लक्षणीय आहे.

गूगलमधील यान हॉर्न यांनी १ जून २०१७ रोजी या त्रुटी उत्पादकांना कळविल्या. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील संशोधकही स्वतंत्रपणे मेल्टडाउनपर्यंत पोहोचले होते. त्यांच्याच 'कैसर' या योजनेवर लिनक्समधील दुरुस्ती आधारलेली होती. तिच्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आणि सामान्य प्रोग्रॅम यांचे मेमरीचे नकाशे विभक्त झाले. परिणामी गाभ्याकडे जाणारी प्रत्येक फेरी महागली. शुद्ध आकडेमोडीला त्याची झळ फारशी लागली नाही. ती लागली डेटाबेस आणि डिस्कवर सतत वाचन-लेखन करणाऱ्या सर्व्हरांना.

सरासरी वापरकर्त्याला हा परिणाम फारसा जाणवणार नाही, अशी इंटेलची भूमिका होती. परंतु 'सरासरी' हा शब्द येथे बरेच काही झाकतो. ९ जानेवारी २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टने दिलेल्या माहितीनुसार विंडोज १० असलेल्या २०१६ च्या सुमाराच्या संगणकांवर घट एक अंकी टक्केवारीत होती. हॅसवेल वा त्याआधीच्या प्रोसेसरवर ती अधिक होती आणि अशा संगणकांवर विंडोज ७ वा ८ वापरणाऱ्या बहुतेकांना ती जाणवेल, असे अपेक्षित होते. म्हणजे ज्याला नवे यंत्र घेणे परवडत नव्हते, त्यालाच अधिक भुर्दंड पडला.

दुरुस्तीही सरळ झाली नाही. संगणक अकस्मात पुन्हा सुरू होऊ लागल्याने २२ जानेवारी २०१८ रोजी इंटेलला नव्या मायक्रोकोडचे वितरण थांबविण्याची सूचना द्यावी लागली. पुढे २०२२ मधील 'रेटब्लीड'च्या दुरुस्तीचा भार संशोधकांनी १४ ते ३९ टक्के मोजला, तर २०२३ मधील 'डाउनफॉल'बाबत काही कामांत तो ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, असे सांगण्यात आले.

२०१९ मध्ये लिनक्समध्ये 'मिटिगेशन्स=ऑफ' हा पर्याय आला. या एका ओळीने असे बहुतेक संरक्षण बंद करून गेलेला वेग परत मिळविता येतो. १९९५ मध्ये वेग आणि सुरक्षा यांतील जी निवड ग्राहकाला न विचारताच झाली होती, ती आता यंत्राच्या मालकावर सोपविण्यात आली.