रिव्ह्यू बॉम्बिंग म्हणजे काय? गेमला दिलेला उलटा अंगठा नेमका कोणाला लागतो?

मे २०२४ मध्ये 'हेलडायव्हर्स २' या गेमला स्टीमवर अवघ्या काही दिवसांत दोन लाखांहून जास्त नकारात्मक रिव्ह्यू मिळाले. गंमत म्हणजे, हा गेम त्या वर्षातल्या सगळ्यात लोकप्रिय गेम्सपैकी एक होता. रिव्ह्यू लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी तो शेकडो तास खेळला होता आणि गेम आवडतो असंही त्यांनी त्याच रिव्ह्यूत लिहिलं होतं. त्यांचा राग होता तो गेमची पब्लिशर कंपनी असलेल्या सोनीवर. ६ मे रोजी सोनीने आपला निर्णय मागे घेतला.

खेळाडूंनी असं एकगठ्ठा वाईट रेटिंग देण्याला 'रिव्ह्यू बॉम्बिंग' म्हणतात. हा प्रकार नेमका कसा चालतो, त्याचा उपयोग होतो का आणि त्याचा फटका कोणाला बसतो, ते समजून घेऊया.

रिव्ह्यू बॉम्बिंग म्हणजे नेमकं काय?

एखाद्या गेमला थोड्या काळात, एकाच कारणावरून, मोठ्या संख्येने लोकांनी ठरवून किंवा एकमेकांचं बघून नकारात्मक रिव्ह्यू देणं म्हणजे रिव्ह्यू बॉम्बिंग. कारण गेमच्या आतलं असू शकतं, उदाहरणार्थ बिघडलेलं अपडेट. पण बऱ्याचदा ते बाहेरचं असतं: कंपनीचा एखादा निर्णय, एखादं वक्तव्य, किंवा गेम कुठल्या स्टोअरवर विकायचा यावरून झालेला वाद.

नुसता वाईट गेम बाजारात आला आणि त्याला वाईट रिव्ह्यू मिळाले, तर ते बॉम्बिंग नाही. तो सरळसरळ ग्राहकांचा अभिप्राय झाला. फरक असा की बॉम्बिंगमध्ये रिव्ह्यूचा उपयोग मत सांगण्यापेक्षा दबाव आणण्यासाठी जास्त होतो.

स्टीमचा अंगठा कसा काम करतो?

कॉम्प्युटरवरचे गेम विकणारं सगळ्यात मोठं स्टोअर म्हणजे वॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचं स्टीम. इथे पाच तारे नाहीत. अंगठा वर किंवा अंगठा खाली, एवढे दोनच पर्याय. एकूण रिव्ह्यूंपैकी किती टक्के अंगठे वर आहेत त्यावरून गेमच्या पानावर शेरा दिसतो. ४० ते ६९ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर 'मिक्स्ड', त्याच्या वर गेल्यावर 'पॉझिटिव्ह'चे प्रकार आणि खाली गेल्यावर 'निगेटिव्ह'चे.

रिव्ह्यू लिहायचा तर तो गेम तुमच्या स्टीम अकाउंटवर असावा लागतो. तुम्ही किती तास खेळलात, हेही रिव्ह्यूसोबत दिसतं. त्यामुळे गेम न घेताच येऊन शिव्या घालणाऱ्यांना इथे बराच आळा बसतो.

खरी अडचण वेगळीच आहे. एका गेममागे साधारण तीन पक्ष असतात. गेम प्रत्यक्ष बनवणारा स्टुडिओ म्हणजे डेव्हलपर. पैसा लावणारी, जाहिरात करणारी आणि विक्रीचे निर्णय घेणारी कंपनी म्हणजे पब्लिशर. आणि जिथे गेम विकला जातो ते स्टोअर. खेळाडूची तक्रार यातल्या कोणाबद्दलही असू शकते, पण मत नोंदवायला बटण एकच आहे आणि ते गेमच्या पानावर आहे. राग पब्लिशरवर असो की स्टोअरवर, अंगठा खाली जातो तो गेमचाच.

'हेलडायव्हर्स २' प्रकरणात काय घडलं?

हा गेम स्वीडनच्या ॲरोहेड या स्टुडिओने बनवला आणि सोनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ आणि कॉम्प्युटरसाठी आणला. स्टीमवर गेम घेणाऱ्यांनी सोनीच्या 'प्लेस्टेशन नेटवर्क'चं अकाउंट जोडावं, अशी अट पहिल्या दिवसापासून गेमच्या पानावर लिहिलेली होती. पण सुरुवातीच्या गर्दीत तांत्रिक अडचणी आल्या आणि ही पायरी वगळता येईल अशी सोय केली गेली. लोक तीन महिने अकाउंटशिवाय मजेत खेळले.

मे महिन्याच्या सुरुवातीला सोनीने जाहीर केलं की आता हे अकाउंट सगळ्यांना सक्तीचं होणार. इथे मोठा घोळ होता. प्लेस्टेशन नेटवर्क जगातल्या दीडशेहून अधिक देश-प्रदेशांत अधिकृतपणे उपलब्धच नव्हतं, आणि त्यातल्या अनेक ठिकाणी स्टीमवर हा गेम मात्र विकला गेला होता. म्हणजे तिथल्या लोकांनी पैसे भरले, गेम खेळले आणि आता त्यांना अशा अकाउंटची अट घातली जात होती जे त्यांना नियमाने उघडताच येत नव्हतं. भारतात प्लेस्टेशन नेटवर्क आहे, त्यामुळे इथल्या खेळाडूंचा गेम बंद पडणार नव्हता.

रिव्ह्यूंचा भडिमार सुरू झाला. स्टीमने त्या १७७ देश-प्रदेशांत गेमची विक्री थांबवली. अनेकांनी पैसे परत मागितले. ॲरोहेडचे तेव्हाचे प्रमुख योहान पिलेस्टेट यांनी या गोंधळात स्टुडिओचाही वाटा असल्याचं सोशल मीडियावर मान्य केलं. सोनीने सक्ती रद्द केल्यावर खेळाडूंनी आपणहून रिव्ह्यू बदलायला सुरुवात केली आणि रेटिंग पुन्हा चढू लागलं. नकारात्मक रिव्ह्यूंच्या आलेखाची नक्षी असलेला अंगरखा गेममधल्या सैनिकांना द्यावा, अशी कल्पनाही पिलेस्टेट यांनी मांडली.

विजय मात्र अर्धवट होता. सक्ती गेली तरी त्या देशांमधली बंद झालेली विक्री लगेच सुरू झाली नाही, आणि पुढे कित्येक महिने तिथल्या नव्या ग्राहकांना हा गेम विकत घेता आला नाही.

याआधी असं कधी झालं होतं?

_स्कायरिम, एप्रिल २०१५._ खेळाडू स्वतः गेममध्ये जे बदल करून वाटतात त्यांना 'मॉड' म्हणतात. हे मॉड वर्षानुवर्षं फुकट मिळायचे. वॉल्व्ह आणि बेथेस्डा यांनी स्टीमवर मॉड विकायची सोय सुरू केली, ज्यात मॉड बनवणाऱ्याच्या हाती विक्रीतले फक्त २५ टक्के पडणार होते. जोरदार विरोध झाला. चार दिवसांत योजना बंद करून लोकांचे पैसे परत केले गेले.

_ग्रँड थेफ्ट ऑटो ५, जून २०१७._ मॉड बनवण्यासाठी वापरलं जाणारं 'ओपनआयव्ही' हे साधन बंद करण्याची कायदेशीर नोटीस पब्लिशर टेक-टू कंपनीने पाठवली. गेमचं रेटिंग कोसळलं. त्याच महिन्यात तोडगा निघाला आणि साधन पुन्हा सुरू झालं.

_मेट्रो एक्सोडस, जानेवारी २०१९._ गेम बाजारात यायला काही आठवडे उरले असताना पब्लिशर डीप सिल्व्हरने तो स्टीमवरून काढून वर्षभरासाठी एपिक गेम्स स्टोअरवर नेला. कारण आर्थिक होतं. स्टीम तेव्हा विक्रीतून साधारण ३० टक्के वाटा कापायचं, एपिक १२ टक्के. नवा गेम अजून आलाच नव्हता आणि एपिकवर तेव्हा रिव्ह्यू लिहायची सोय नव्हती. मग लोकांनी मेट्रो मालिकेतल्या जुन्या गेम्सवर राग काढला. त्या गेम्समध्ये काही बिघडलं नव्हतं आणि निर्णयही बदलला नाही. 'एक्सोडस' ठरल्याप्रमाणे फेब्रुवारी २०२० मध्येच स्टीमवर परत आला.

_ओव्हरवॉच २, ऑगस्ट २०२३._ हा गेम आधी ब्लिझार्ड कंपनीच्या स्वतःच्या स्टोअरवर होता, जिथे रिव्ह्यूच नव्हते. तो स्टीमवर आला त्याच दिवशी साठलेल्या तक्रारींना वाट मिळाली. आश्वासन दिलेला खेळाचा मोठा भाग रद्द करणं, ही त्यातली एक प्रमुख तक्रार. काही दिवसांतच तो स्टीमवरच्या सर्वात वाईट रेटिंगच्या गेम्समध्ये जाऊन बसला.

दबाव कधी कामी येतो?

या उदाहरणांत एक गोष्ट दिसते. 'हेलडायव्हर्स', 'स्कायरिम' आणि 'जीटीए'च्या वेळी मागणी नेमकी होती: ही सक्ती काढा, ही योजना थांबवा, ही नोटीस मागे घ्या. निर्णय मागे घेणं कंपनीच्या हातात होतं आणि त्याला फारसा खर्चही नव्हता. शिवाय तक्रार करणारे पैसे भरलेले ग्राहक होते आणि गेम अजून विकला जात होता.

'मेट्रो'च्या वेळी करार आधीच झालेला होता. तो मोडणं पब्लिशरला परवडणारं नव्हतं आणि फटका बसला तो जुन्या गेम्सना. 'ओव्हरवॉच'च्या बाबतीत राग खरा होता, पण एका घोषणेत सुटेल अशी ती मागणी नव्हती.

यातला सगळ्यात नाजूक मुद्दा डेव्हलपरचा आहे. विक्रीचे निर्णय अनेकदा पब्लिशर घेतो. स्टुडिओत काम करणाऱ्या चित्रकार, प्रोग्रामर किंवा टेस्टरला त्यात विचारलं जातंच असं नाही. रेटिंग मात्र त्यांनी कित्येक वर्षं खपून बनवलेल्या कामाचं पडतं. मोठी कंपनी हा धक्का पचवू शकते. पाच-दहा जणांच्या स्टुडिओला तो जड जातो.

स्टोअर्सनी त्यावर काय उपाय केले?

सप्टेंबर २०१७ मध्ये 'फायरवॉच' या गेमवर हल्ला झाला. प्यूडीपाय या प्रसिद्ध यूट्यूबरने एका लाइव्हमध्ये वर्णद्वेषी शब्द वापरला, म्हणून 'फायरवॉच'च्या स्टुडिओने आपल्या गेमचा त्याचा व्हिडिओ कॉपीराइटखाली काढायला लावला. चाहत्यांनी बदला म्हणून गेमला उलटे अंगठे दिले. त्याच महिन्यात वॉल्व्हने प्रत्येक गेमच्या पानावर रिव्ह्यूंचा तारखेनुसार आलेख दाखवायला सुरुवात केली.

मार्च २०१९ मध्ये पुढचं पाऊल आलं. रिव्ह्यूंची अचानक लाट आली की यंत्रणा ती हेरते, मग वॉल्व्हची माणसं तपासतात. लाट 'विषयाबाहेरची' ठरली तर त्या काळातले रिव्ह्यू रेटिंगच्या हिशोबातून वगळले जातात. ते पुसले जात नाहीत, कोणालाही वाचता येतात. यावर टीकाही झाली, कारण कॉपी रोखणारं सॉफ्टवेअर किंवा बदललेल्या अटींबद्दलच्या तक्रारीही वॉल्व्हने विषयाबाहेरच्या धरल्या. ग्राहकाच्या दृष्टीने या गोष्टी महत्त्वाच्या नाहीत का, हा प्रश्न आजही विचारला जातो.

मेटाक्रिटिक या साइटवर गेम विकत न घेताही मत देता येतं. जून २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' आला, तेव्हा गेम पूर्ण खेळायला वीसएक तास लागत असताना पहिल्या काही तासांतच तिथे हजारो शून्य पडले. त्यानंतर नव्या गेमवर मत नोंदवण्याआधी ३६ तास थांबण्याचा नियम आला. एपिकने २०२२ मध्ये आणखी वेगळा मार्ग घेतला. दोन तासांहून अधिक खेळलेल्यांपैकी काहींना स्टोअर स्वतःच निवडून रेटिंग विचारतं.

उलटंही घडतं का?

हो. एप्रिल २०१९ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला आग लागली. युबिसॉफ्टने मदतीसाठी ५ लाख युरो जाहीर केले आणि त्या चर्चची तपशीलवार प्रतिकृती असलेला 'असॅसिन्स क्रीड युनिटी' आठवडाभर फुकट दिला. स्टीमवर या जुन्या गेमला एकदम चांगले रिव्ह्यू येऊ लागले. वॉल्व्हने तपासलं आणि ते रिव्ह्यू हिशोबात तसेच ठेवले.

भारतात असं झालंय?

ॲप्सच्या बाबतीत झालंय. एप्रिल २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताला गरीब देश म्हटल्याचा आरोप एका माजी कर्मचाऱ्याने केला. कंपनीने तो फेटाळला. तोवर भारतीयांनी ॲपला एक तारा द्यायला सुरुवात केली होती, आणि नावातल्या साम्यामुळे काहींनी तो चक्क स्नॅपडीललाही दिला. मे २०२० मध्ये यूट्यूब विरुद्ध टिकटॉक वादात टिकटॉकचं प्ले स्टोअरवरचं रेटिंग दोनच्याही खाली गेलं. गूगलने लाखो रिव्ह्यू काढून टाकल्यावर ते पुन्हा वर आलं.

गेम घेताना रिव्ह्यू कसे वाचायचे?

- स्टीमवर 'एकूण' आणि 'अलीकडचे' असे दोन शेरे दिसतात. दोन्हींत मोठी तफावत असेल तर नुकतंच काहीतरी घडलंय.
- तारखेचा आलेख बघा. एकाच आठवड्यात लाल खांब उंच गेला असेल, तर त्या आठवड्यातले चार-पाच रिव्ह्यू उघडून कारण वाचा.
- ते कारण तुम्हाला लागू होतं का, ते ठरवा. अकाउंटची सक्ती किंवा कायम इंटरनेट लागणं ही खरी अडचण असू शकते. गेम कोणत्या स्टोअरवर गेला यावरचा राग तुमच्या खेळात कदाचित काहीच बदलणार नाही.
- घेतल्यावर पटला नाही, तर स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात.
- स्वतः रिव्ह्यू लिहिताना तक्रार गेमबद्दल आहे, पब्लिशरबद्दल की स्टोअरबद्दल, हे पहिल्याच ओळीत लिहा. अंगठा तिघांसाठी एकच असला, तरी त्याखालचे शब्द पुढच्या ग्राहकाला नेमकं काय ते सांगू शकतात. आणि तक्रार दूर झाली तर रिव्ह्यू कधीही बदलता येतो.