मंकडच्या सावलीतला नाशिककर

बापू नाडकर्णी म्हटले की १९६४च्या मद्रास कसोटीतली २१ सलग निर्धाव षटके आठवतात. ३२-२७-५-० हे पृथक्करण पाठच असते. पण ४ एप्रिल १९३३ रोजी नाशिकला जन्मलेल्या या डावखुऱ्याची खरी कसोटी त्याआधीची. डिसेंबर १९५५मध्ये विनू मंकड विश्रांतीला गेले म्हणून न्यूझीलंडविरुद्ध दिल्लीत त्यांना संधी मिळाली. नाबाद ६८ धावा करूनही मंकड परतताच त्यांना बाहेर बसावे लागले. कोणी म्हणेल, ५७ षटकांत एकही बळी नाही, मग वगळले यात नवल काय? आक्षेप रास्त, पण अपुरा. त्या खेळपट्टीवर न्यूझीलंडने दोन बाद ४५०वर डाव सोडला, एकट्या सटक्लिफच्या नाबाद २३० होत्या. तिथे इतरांचीही डाळ कुठे शिजली? अडचण कामगिरीची नव्हती, जागेची होती. मंकडही डावखुरे फिरकीपटू, शिवाय सलामीचे फलंदाज. अशा माणसाशी नवख्याची स्पर्धा कसली! १९५९मध्ये मंकड निवृत्त झाले. त्यानंतर नाडकर्णींनी संघात पाय रोवले आणि एकूण ४१ कसोटींत ८८ बळी व १४१४ धावा नोंदवल्या.