न पाहिलेल्या पायाचे मोजे

विदर्भ म्हणजे बारा महिने उन्हाळा, असं समजणाऱ्या माझ्या पुण्यातल्या मित्रांनी एकदा डिसेंबरात गोंदियाला जाऊन यावं. पारा आठच्या खाली उतरतो आणि सकाळी फरशीवर पाय ठेववत नाही. गेल्या हिवाळ्यात आठवडाभर आजीकडे होतो. लॅपटॉप उघडून काम चालू होतं, पाय मात्र गारठलेले. त्यातून डोक्यात किडा वळवळला, की आपले मोजे आपणच विणायचे. इलॅस्टिक मिसळलेला सुती धागा मागवला, सुया आजीच्या पेटीतून काढल्या आणि बसलो.

पहिला मोजा तीन संध्याकाळी खाऊन तयार झाला आणि पाचवीतल्या भाच्याला बसला! टाके चौसष्ट, मोजून घातलेले. बग काही सापडेना. शेवटी आजीनं माझे हात पाहिले नि म्हणाली, "तो धागा काऊन ओढून राह्यला बापा?"

लवचीक धागा ताणून विणला, की सुईवरून उतरल्यावर आक्रसतो. तो ढिला सोडायचा असतो. त्यात मोजा मुळातच पायाच्या घेरापेक्षा साधारण दहा टक्के लहान विणतात, म्हणजे तो पायावर ताणून बसतो. मी घेर दोनदा कमी केला होता.

"आमच्या वेळी असा धागा नव्हता," आजी म्हणाली. "तरी मोजा ताणायचाच."

ते कसं काय? इथे मराठीची एक गंमत आहे. माग असो की सुया, आपण दोन्हीला 'विणणं'च म्हणतो. पण ही दोन कामं अगदी वेगळी. भंडाऱ्याकडचे कोष्टी पिढ्यानपिढ्या मागावर विणत आले. त्यात उभे-आडवे धागे एकमेकांना घट्ट धरून असतात, कापड सहसा ताणत नाही. सुयांवर एकच धागा फासात फास अडकवत पुढे जातो आणि ओढला की प्रत्येक फास पसरतो. दोन सुलट, दोन उलट असे टाके घातले, तर वीण पेटीच्या भात्यासारखी मिटते-उघडते. म्हणजे ताण धाग्यात नाही, रचनेत आहे. इजिप्तमध्ये सापडलेले हजारेक वर्षांपूर्वीचे सुती मोजेही असे फासांचेच. रबरासारखा ताणणारा स्पॅन्डेक्स धागा फार अलीकडचा, ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ साली शोधलेला.

त्यानंतर चारच वर्षांनी आजी लग्न होऊन गोंदियाला आली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. २० ऑक्टोबर १९६२ ला चीननं हल्ला केला. नामका चू नदीकाठी आपले कित्येक जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे होते, दहा हजार फुटांहून जास्त उंचीवर. मग देशभर बायकांनी सुया हातात घेतल्या. स्वेटर, मफलर, मोजे. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. मोज्यांबद्दल कुणी विचारत नाही.

आजीनं सहा जोड विणले.

"पण माप कोणाचं घेतलं?" मी विचारलं.

"माप कुठलं? दोन सुलट, दोन उलट. लहान पायाले बी बसते, मोठ्या पायाले बी."

हे ऐकून मी गप्पच झालो. ज्याचा पाय कधी पाहिला नाही, पाहणारही नाही, त्याच्यासाठी वीस-एकवीस वर्षांची मुलगी कंदिलाजवळ बसून टाके मोजतेय. २१ नोव्हेंबरला चीननं युद्धबंदी केली, तेव्हा तिचा सहावा जोड सुयांवरच होता. तरी तिनं तो पुरा करून पाठवला. "पोचले असतील का रे? तुमच्या नेटवर दिसते का?" तिनं विचारलं. नाही दिसत.

त्याच हिमालयातून आलेली माणसं पुढे आमच्या जिल्ह्यात राहायला आली. १९५९ नंतर तिबेट सोडलेल्यांची नोर्ग्येलिंग वसाहत १९७२ साली इथे उभी राहिली, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ. हिवाळा आला की तिबेटी लोक गावोगावी गरम कपड्यांची दुकानं मांडतात. माल बहुतेक लुधियानाचा. आजी तिथे मोजे घेताना आधी दोन बोटं आत घालून काठ ताणून बघते.

दुसरा मोजा मी धागा ढिला सोडून विणला. तो मला बसला, बाबांनाही बसला. आजीनं बोटं घालून ताणला, सोडला. काठ परत मिटला.

"चालते," म्हणाली.

आता जोडीचा राहिलाय. पुढचा वीकांत त्याचाच.