ठेका धरणारा : लुई व्होला

मैफलीचें वृत्त लिहितांना गवयाचें नांव आधीं येतें, साथीदारांचें शेवटीं. पुष्कळदां तें येतही नाहीं. असाच एक साथीदार फ्रान्समध्यें होऊन गेला. त्याचें नांव लुई व्होला.

भूमध्य समुद्राकांठच्या ला सेन या गांवीं १९०२ सालीं त्याचा जन्म झाला. तो मूळचा अकॉर्डियनवादक. पुढें त्यानें डबल बास हातीं घेतला. माणसाहूनही उंच असें हें व्हायोलिनच्या जातीचें वाद्य. जाझ संगीतांत तें बहुधा गजाऐवजीं बोटांनीं तारा छेडून वाजवितात. १९३१ च्या सुमारास तुलाँच्या किनाऱ्यावर गिटार वाजवीत बसलेले दोन भाऊ त्याला आढळले, असें सांगतात. त्यांतील थोरला जँगो राइनहार्ट. १९२८ च्या आगींत त्याच्या डाव्या हाताचीं दोन बोटें जायबंदी झालीं होतीं. तरीही व्होलानें त्याला आपल्या वाद्यवृंदांत घेतलें.

१९३४ सालीं पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलांत, तिसऱ्या प्रहरीं चहाच्या वेळच्या नृत्यासाठीं, व्होलाचा वृंद वाजत असे. मधल्या विश्रांतींत पडद्यामागें राइनहार्ट, व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली, गिटारवादक रोजे शापू आणि स्वतः व्होला केवळ हौसेनें वाजवूं लागले. राइनहार्टचा धाकटा भाऊ जोझेफ येऊन मिळाला आणि पांचांचा संच पुरा झाला. 'हॉट क्लब द फ्रान्स' या रसिकमंडळाच्या आश्रयानें त्याच डिसेंबरांत त्यांची मैफल व पहिलें ध्वनिमुद्रणही झालें.

या संचांत ना ढोल होता, ना तुतारी. सारीं वाद्यें तारांचीं. मग ठेका धरावयाचा कोणीं? दोन गिटारींनीं, आणि त्यांच्या तळाशीं व्होलाच्या बासनें. तो ठेका अढळ होता म्हणूनच राइनहार्ट आणि ग्रापेली यांना स्वैर भरारी घेतां आली. हॉटेलांत जो त्यांचा नायक, तोच येथें त्यांच्या पाठीमागें उभा राहिला. कीर्ति त्या दोघांना मिळाली.

१९३९ सालीं महायुद्ध पेटलें तेव्हां संच लंडनमध्यें होता. राइनहार्ट पॅरिसला परतला. ग्रापेली तेथेंच राहिला. व्होलाची जागा त्यापूर्वींच दुसऱ्या बासवादकानें घेतली होती. पुढें रे वाँत्युराच्या वाद्यवृंदाबरोबर तो दक्षिण अमेरिकेंतही गेला. १९९० सालीं तो निवर्तला.

त्या काळच्या ध्वनिमुद्रिका ऐकतांना आपला कान गिटारीकडे आणि व्हायोलिनकडे आपोआप धांवतो. एकदां तो मुद्दाम तळच्या सुराकडे वळवून पाहावा. वरची इमारत कशावर उभी आहे, हें मग निराळें सांगावें लागत नाहीं.